बोळक्या बेडकाचं बारसं

निकानोर तोआपांताच्या तोंडात देवाने दिलेले सात दात उरले होते. बाकीचे त्याने स्वतःच्या हाताने केलेले होते, आणि पाहणाऱ्याला फरक कळायचा तो एवढ्यावरूनच, की स्वतः केलेले जास्त बरे होते.

क्विटोच्या आमच्या संग्रहालयाच्या तळघरात तो तेहतीस वर्षं मेलेल्या बेडकांना काच करत होता. दुसरा शब्द मला सुचत नाही. कातडी काढायची, मांस औषधात घालून इतकं निवळवायचं की त्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं, मग हाडांना लाल रंग पाजायचा आणि कूर्चेला निळा. शेवटी बाटलीत उरतो तो एक लाल-निळा सांगाडा, आपल्याच पारदर्शक देहात तरंगणारा. आमच्या सगळ्यांच्या आत असलं काहीतरी असतं. फक्त ते असं उजेडात धरून पाहायची वेळ कुणावर येत नाही.

आमच्या शहरात माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं हा उपमर्द समजतात. डॉक्टर, इंजिनियर, आर्किटेक्ट, निदान लिसेन्सियादो, म्हणजे साधा पदवीधर तरी. नावाच्या पुढे काहीतरी लागतंच, नाहीतर माणूस बिनटोपीचा दिसतो. ज्याच्याकडे पदवी नाही पण ज्याच्यावाचून अडतं, त्याला आम्ही माएस्त्रो म्हणतो. गवंडी माएस्त्रो, चांभार माएस्त्रो, तुंबलेला नळ मोकळा करणारा माएस्त्रो. निकानोर हा माएस्त्रो होता. या शब्दातही आदर असतो, पण तो तळघराच्या जिन्याशी येऊन थांबतो.

तो मूळचा साकिसिलीचा. क्विटोत आला तो मामाच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक खोली; तिथे कवळ्या होत. लोक तोंड उघडून बसत, मामा मेणात ठसा घेई, निकानोर साच्यात गुलाबी हिरड्या ओती. अकरा वर्षं त्याने माणसं आतून पाहिली. एकाच घरातले आजोबा, बाप आणि नात एकाच जागी फटी घेऊन येतात, हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या घरात तर वरच्या समोरच्या दोन दातांच्या शेजारचे दोन दात कुणालाच आले नव्हते: आजोबांना नाहीत, बापाला नाहीत, त्याला नाहीत, त्याच्या मुलीला नाहीत. घरात सांगत, की पणजी गरोदर असताना तिने ग्रहण पाहिलं. पुढे पदवीवाल्या दंतवैद्यांनी बिनपदवीच्या कवळ्या बेकायदा ठरवून घेतल्या आणि मामाची खोली बंद पडली. त्याच वर्षी संग्रहालयाला 'स्थिर हाताचा माणूस' हवा होता.

आता फॉर्मॅलिनबद्दल, मेलेले जीव ज्यात टिकवतात त्या द्रावाबद्दल, दोन शब्द सांगायला हवेत. सगळा अनर्थ तिथे आहे.

फॉर्मॅलिन नुसतं ठेवलं की आंबट होत जातं. आंबट झालं की ते चुना खातं, हाडातला आणि दातातला. म्हणून बरणीत संगमरवराचे खडे टाकायचे. आंबटपणा दगडाला खातो आणि दाताला सोडतो. निकानोर हे खडे सान दिएगोच्या दफनभूमीसमोरच्या पाथरवटाकडून आणायचा. थडग्यांवर नावं कोरताना जो दगड उडतो, तो आमच्या बेडकांचे दात सांभाळत होता. घेताना तो प्रत्येक खड्यावर लिंबू पिळून बघे. फसफसला तर संगमरवर, गप्प राहिला तर दुसरं काही.

चौऱ्याण्णव साली पश्चिमेच्या धुक्याच्या जंगलात मोहीम निघाली, तेव्हा तो पाथरवट वारला होता आणि दुकानावर त्याचा मुलगा बसला होता. मुलगा इंजिनियर झाला होता. दुकानाच्या पाटीवर तसं लिहिलंही होतं.

"आयात माल आहे, माएस्त्रो," इंजिनियर म्हणाला. "इटलीचा. प्रमाणपत्र आहे. दाखवू?"

लिंबू निकानोरच्या खिशात होतं. पण इंजिनियरच्या शब्दावर लिंबू पिळायचं? समोर उभं राहून? असं आमच्याकडे करत नाहीत. निकानोरने खडे पिशवीत भरले, "देव भलं करो" म्हणाला आणि लिंबू तसंच घरी नेलं. त्याच्या बायकोने, सोइलाने, ते रात्रीच्या कांद्यावर पिळलं.

त्या मोहिमेत नऊ बेडूक मिळाले. पाठीवर पिशवी असते तो प्रकार; मादी अंडी पाठीतच वागवते. या बेडकाची ख्याती वेगळी. जगातल्या झाडून सगळ्या बेडकांना खालच्या जबड्यात दात नसतात. वीसेक कोटी वर्षांपूर्वी गेले ते गेले. याच्या मात्र खालच्या जबड्यात दात असतात. नऊही बेडूक फॉर्मॅलिनच्या बरणीत गेले. काही महिन्यांत त्यांना अल्कोहोलमध्ये हलवायचं असतं. अल्कोहोलची मागणी वर गेली आणि मंजूर होऊन आली तोवर अठरा वर्षं झाली होती. मधल्या काळात जे अल्कोहोल आलं ते दर डिसेंबरात शहराच्या उत्सवात दालचिनी घालून गरम केलं गेलं, आणि ते प्यायलेल्यांत मीही होतो.

जंगलात तो बेडूक पुन्हा कुणाला दिसला नाही.

दोन हजार बारा साली परदेशात या बेडकाच्या खालच्या दातांवर मोठा वाद पेटला. देहातून एकदा गेलेली वस्तू उत्क्रांतीत परत येत नाही, असा शास्त्रात एक जुना नियम आहे, आणि आमच्या डोंगरातल्या एका बेडकाने तो मोडला होता. वार्ताहरांचे फोन आले. आमचे संचालक डॉक्टर प्लुतार्को एगास यांनी पंचवीस वर्षांत चिमटा हातात धरला नव्हता. पण फोन आल्यावर त्यांनी चौऱ्याण्णवची बरणी वर मागवली. त्यांच्या खोलीत त्यांचा स्वतःचा प्लास्टरचा अर्धपुतळा होता. बरणी त्याच्या शेजारी ठेवली गेली. तासाभराने जिन्यावरून आरोळी आली.

"निकानोर! वर ये. हातातलं टाकून ये."

निकानोर गेला. डॉक्टरांनी त्याला सूक्ष्मदर्शकासमोर उभं केलं.

"काय दिसतंय?"

"बेडूक, डॉक्टरसाहेब."

"जबड्यात, रे!"

"जबड्यात काही नाही."

"बरोब्बर! काही नाही! वर नाही, खाली नाही. नऊच्या नऊ बोळके! निकानोर, हे काही-नाही दिसायला मला उभं आयुष्य लागलं." ते खोलीत फेऱ्या मारू लागले. "नियम मोडून या बेडकाने दात परत मिळवले. सगळं जग तिथवरच आलंय. पण आपल्या खोऱ्यात काय झालं? इथे त्याला उपरती झाली! त्याने खालचे दात टाकले, आणि प्रायश्चित्त म्हणून वरचेही टाकले. नवी जात आहे ही. पश्चात्ताप झालेला बेडूक!"

डॉक्टर दर रविवारी चर्चला जात.

"आणि पकडले कुणी होते?" ते थांबले. "तूच ना?"

"मीच, डॉक्टरसाहेब."

"मग नावही तुझंच. निकानोरी! लॅटिनमध्ये. जगबुडीपर्यंत राहील. माझ्या मागे माझा हा पुतळा राहील, तुझ्या मागे बेडूक राहील. बस, घाबरू नकोस, खुर्चीवर बस."

त्या खोलीतल्या खुर्चीवर निकानोर तेहतीस वर्षांत पहिल्यांदा बसला.

घरी त्याने सोइलाला सांगितलं तेव्हा ती मका निवडत होती.

"बेडकाला तुझं नाव?" ती म्हणाली. "म्हाताऱ्या, तुझ्या बहिणीला सहा नातवंडं झाली, त्यांतल्या एकाला तुझं नाव ठेवलं नाही कुणी."

"लॅटिनमध्ये आहे."

"विषारी आहे का?"

"नाही."

"मोठा आहे?"

"मुठीएवढा. दात नाहीत त्याला."

सोइलाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग तुझाच," ती म्हणाली आणि साकिसिलीला फोन लावायला उठली.

आठवड्याभरात साकिसिलीतल्या सगळ्या तोआपांतांना कळलं. मेव्हण्याने अख्खं डुक्कर भाजून आणायचं कबूल केलं. जावयाने मिनीबस ठरवली. पाद्रीबाबांनी बेडकाला आशीर्वाद देता येतो का हे बिशपांना पत्र लिहून विचारलं. निकानोरला शिंप्याकडे नेऊन राखाडी सूट शिवला. लग्नात त्याने थोरल्या भावाचा घातला होता. आरशासमोर तो बराच वेळ उभा राहिला, आणि सोइलाने ऐकलं, तो स्वतःशीच एकदा हळू आवाजात म्हणाला, "निकानोरी." मी हे तिच्याकडूनच ऐकलं. चेष्टा म्हणून सांगत होती, पण सांगताना तिने पदराशी खेळतात तसा एप्रनचा बंद चारदा सोडला आणि बांधला.

समारंभासाठी एक बेडूक काच करून, रंगवून ठेवायचा होता. निकानोरने तो नेहमीसारखा घेतला. मांस निवळलं. निळा रंग चढला. लाल चढेना. दोन दिवस, चार दिवस. हाडं फिकट गुलाबीसुद्धा झाली नाहीत. त्याने दुसरा घेतला. तोही तसाच. मग त्याने सर्वांत बारीक सुई घेतली, भिंगाखाली जबड्यावरून फिरवली, आणि तिथे जे हाताला लागलं ते अकरा वर्षं कवळ्या केलेल्या माणसालाच लागू शकलं असतं. जबडा रिकामा नव्हता. दाताच्या आकाराचे, पण उकडलेल्या मक्यासारखे मऊ असे कोंब तिथे रांगेने उभे होते. वर आणि खालीही. चुना गेला होता, आणि लाल रंग चुन्यालाच धरतो. चुन्याने ज्याला कडक केलं होतं ते तिथेच होतं.

त्याने बरणीच्या तळातले खडे ताटलीत काढले, पुसले, आणि जेवणाच्या डब्यातलं लिंबू त्यांच्यावर पिळलं.

खडे गप्प राहिले.

त्या दुपारी मी मुद्रितं घेऊन तळघरात गेलो होतो. आमच्या वार्तापत्राची मुद्रितं मी तपासतो. निकानोर ताटलीकडे बघत बसला होता. "मी जेवलो नाही अजून," तो एवढंच म्हणाला, जणू मी तेच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो वर गेला. तो प्रामाणिक होता, पण क्विटोचा होता. आमच्याकडे वाईट बातमी सांगायची तर आधी तिला सात कपडे घालावे लागतात.

"माफ करा, डॉक्टरसाहेब, त्रास देतोय. तुम्ही कामात आहात. राग मानू नका. एक अगदी बारीकशी गोष्ट होती, म्हणजे असेलच असं नाही, पण आपली परवानगी असेल तर..."

"बोल, बोल."

"रंग चढत नाही, डॉक्टरसाहेब. हाडांना. हाडं मऊ झालीत. मला वाटतं माझंच काही..."

"मऊ!" डॉक्टर लिहू लागले. "हाडंही मऊ? नुसते दात नाहीत, पश्चात्ताप सगळ्या देहात उतरलाय! हे मला का सुचलं नाही? आणखी?"

"तसं नाही, डॉक्टरसाहेब. ते फॉर्मॅलिन..."

"फॉर्मॅलिनमध्ये अठरा वर्षं राहूनही टिकलीत म्हणतोस. उत्तम. हेही घालतो. निकानोर, तू शास्त्रज्ञ व्हायचास, रे."

फोन वाजला. मंत्रालयाचा होता. निकानोर उलट पावलांनी बाहेर आला. त्याने सांगितलेलं प्रत्येक खरं वाक्य डॉक्टरांच्या नव्या जातीवरच्या लेखात एकेका परिच्छेदाला जाऊन मिळालं होतं. आणि जिना उतरताना त्याला हायसं वाटलं, हेही लिहायला हवं. सांगून तर झालं होतं. सूट कपाटात होता.

ते तसंच राहिलं असतं, आणि शास्त्रात एक खोटा बेडूक वाढला असता. खोटं शास्त्रात काही कमी नाही, एकाने काय झालं असतं? पण हिमेना ग्वामान होती.

हिमेना दक्षिणेकडच्या लोहा शहराची, शिष्यवृत्तीवर आलेली लिसेन्सियादा. चौऱ्याण्णवच्या मोहिमेत प्रत्येक बेडकाच्या काळजाचा एक तुकडा वेगळ्या कुपीत अल्कोहोलमध्ये ठेवला होता. कुप्या बोटाएवढ्या, त्यामुळे त्यांना अल्कोहोल पुरलं होतं. त्या तुकड्यांतून तिला दाताच्या चकाकीचं जनुक वाचायचं होतं. ज्या प्राण्यांचे दात फार पूर्वी गेले त्यांच्यात हे जनुक मोडून पडलेलं असतं. डॉक्टरांच्या लेखाला हा शेवटचा पुरावा हवा होता: मोडकं जनुक. तिला ते अखंड मिळालं. तिने पाच वेळा वाचलं. पाचही वेळा अखंड.

एका सकाळी ती तळघरात आली, डोळे सुजलेले. निकानोरने तिच्यापुढे भाजलेल्या मक्याची पुडी सरकवली.

"खा, लिसेन्सियादा. दात आहेत तोवर खा."

"डॉक्टर म्हणतात माझ्या नळीत दुसऱ्या बेडकाची भेसळ झाली. सगळं पहिल्यापासून करायचं. वर्ष जाईल, माएस्त्रो. शिष्यवृत्ती मार्चला संपते."

"अखंड आहे म्हणजे काय? मला समजेल असं सांग."

तिने दोन दाणे खाल्ले. "तुमच्या कारखान्यात कुणी फक्त वरची कवळी मागायचं?"

"कितीतरी जण."

"मग खालचा साचा फेकून द्यायचात?"

"साचे वेगळे, पण कृती एकच ना. मेण, प्लास्टर, भट्टी. वरच्यासाठी भट्टी रोज पेटायचीच. खालची कुणी मागितली की लगेच करून देता यायची."

"तेच! बेडकांचे वरचे दात कधी गेलेच नाहीत. दात करायची कृती त्यांच्यात रोज वापरात होती, फक्त खालच्या जबड्यात बंद होती. याच्यात ती पुन्हा सुरू झाली, एवढंच. त्यात चमत्कार नाही. शार्कच्या अंगावरचे खवले असोत, मगरीचा जबडा असो, तुमचं-माझं तोंड असो, कृती जुनी एकच आहे. तुमच्या घरात ते दोन दात येत नाहीत ना? तिथे त्या कृतीतली एखादी ओळ पुसलीय, आजोबांपासून."

"ग्रहण नाही?"

"ग्रहण नाही."

निकानोरने सांडलेला एक दाणा उचलून पुडीत टाकला. पणजीवर शंभरेक वर्षं चाललेला आरोप एका वाक्यात उठला होता. "आणि ज्याने भट्टीच मोडून टाकली, वर नाही, खाली नाही?"

"त्याची कृती गंजते. कुणाला लागतच नाही, मग चुका साचत जातात, जनुक मोडतं. या नऊ बेडकांना मुळीच दात नव्हते, तर थोडी तरी मोडतोड दिसायला हवी होती. पण कृती जशीच्या तशी आहे, माएस्त्रो. जणू हे बेडूक कालपर्यंत चावत होते." तिने डोळे पुसले. "म्हणजे माझाच हात घाण असणार. डॉक्टर बरोबरच म्हणत असतील."

निकानोरने आपल्या हातांकडे पाहिलं. मग पुडी उचलून पुन्हा तिच्यासमोर ठेवली. ती आधीच तिच्यासमोर होती.

समारंभ शुक्रवारी, सकाळी अकराला. राष्ट्रगीत झालं. मंत्रालयातून कुणी तिसरे उपसचिव आले होते. त्यांनी भाषणात बेडकाला दोनदा सरडा म्हटलं. साकिसिलीहून मिनीबस आली होती. डुकराचा वास सभागृहात पोचल्यामुळे भाषणं आटोपती झाली. बिशपांचं उत्तर आलं नव्हतं, तरी पाद्रीबाबा पहिल्या रांगेत होते. पितळी पाटीवरचा पडदा ओढला गेला. 'निकानोरी' अक्षरं पाहून सोइलाने हात तोंडावर नेला. तिच्या मागे चाळीस तोआपांता उभे राहिले; हसले तेव्हा चाळीस तोंडांत त्याच दोन फटी दिसल्या.

"माएस्त्रो आता दोन शब्द बोलतील," डॉक्टर म्हणाले.

निकानोर उभा राहिला. राखाडी सूट खांद्यात थोडा आवळ होता.

"मान्यवर हो," तो म्हणाला, "डॉक्टरसाहेबांनी माझ्यावर केलेले उपकार मी फेडू शकत नाही. पण हा बेडूक माझा नाही. त्याला दात होते. वरही होते आणि खालीही. ते मी घालवले. चौऱ्याण्णव साली मी बरणीत खोटा संगमरवर टाकला, लिंबू न पिळता. दात फॉर्मॅलिनने खाल्ले. लिसेन्सियादा ग्वामान यांनी जे वाचलं ते बरोबर आहे. त्यांच्या नळीत काही घाण नव्हती. घाण माझ्या बरणीत होती. मला माफ करा."

मग उपसचिवांनी टाळी वाजवली, आणि टाळ्यांनी सभागृह दणाणलं. डॉक्टरांनी त्याला कवटाळलं.

"पाहिलंत?" ते ओल्या आवाजात म्हणाले. "ही आपल्या माणसाची नम्रता! मान मिळाला की आधी तो स्वतःला अपराधी ठरवतो! युरोपात असा माणूस दाखवा!"

टाळ्या पुन्हा. मेव्हणा रडत होता. टाळ्या न वाजवता बसलेली दोनच माणसं मला दिसली. हिमेना आपल्या वहीत भराभरा काही लिहीत होती. आणि सोइला तोंडावरचा हात काढून नवऱ्याकडे बघत होती; तिला प्रत्येक शब्द समजला होता.

बरण्यांत कागद असतात. कुठे सापडला, कुणी पकडला, कधी. सुती कागदावर न पुसणाऱ्या शाईने. हे कागद कधी बाहेर काढायचे नाहीत, असा नियम डॉक्टर एगास यांनीच पूर्वी एका भांडणानंतर काढला होता आणि सही करून भिंतीवर लावला होता: मजकूर चुकीचा असला तरी चिठ्ठी तिथेच राहील, दुरुस्ती करायची तर शेजारी दुसरी चिठ्ठी टाकावी. नवी जात जाहीर झाली की तिचे नमुने परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांनाही पाठवायचे असतात. ते काम निकानोरचं. सोमवारी दोन बरण्या विमानाने गेल्या.

गुरुवारी डॉक्टर स्वतः तळघरात उतरले. कितीतरी वर्षांनी उतरले असावेत, कारण शेवटच्या पायरीवर त्यांचं कपाळ तुळईला लागलं. इथे राहिलेली बरणी त्यांनी उजेडात धरली आणि आतली नवी चिठ्ठी काचेतून वाचली. मी तिथेच होतो.

"'दातांचा चुना आम्लाने गेला आहे,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "'जिवंतपणी वर-खाली दात होते. खडे खोटे. चूक माझी. नि. तोआपांता.' हे काय आहे?"

"दुरुस्तीची चिठ्ठी, डॉक्टरसाहेब."

"बाहेर काढ."

"नियम आहे."

"नियम माझा आहे!"

"म्हणून तर, डॉक्टरसाहेब. तुमचा नियम मी कसा मोडू?"

"आणि ज्या दोन बरण्या गेल्या..."

"त्यांतही आहे. प्रत्येकीत एकेक."

डॉक्टर स्टुलावर बसले. ते बसल्यावर अचानक म्हातारे दिसले. "तुला कळतंय तू काय केलंस? तुझं नाव होतं ते. मी दिलेलं! तू माझा बेडूक मारलास, निकानोर."

"तो चौऱ्याण्णवपासून मेलेलाच आहे, डॉक्टरसाहेब."

हे उद्धटपणाने म्हटलेलं नव्हतं. तो नुसती माहिती देत होता, जशी चिठ्ठीवर लिहितात.

पुढचं थोडक्यात. चार महिन्यांनी परदेशातून पत्र आलं, जात रद्द झाली. डॉक्टर एगास यांनी 'जुन्या नमुन्यांतील फसवे बोळकेपण: एक इशारा' हा लेख लिहिला. तो त्यांचा सर्वांत गाजलेला लेख ठरला, आणि त्यात संगमरवर तपासण्याची पद्धत 'लेखकाने विकसित केलेली' आहे. हिमेनाचा प्रबंध मार्चपूर्वी मंजूर झाला. सोइला नवऱ्याशी अकरा दिवस बोलली नाही. बाराव्या दिवशी तिने त्याच्यापुढे बटाट्याचं सार ठेवलं आणि म्हणाली, "साकिसिलीला मी काही कळवणार नाही. तुला कळवायचं असेल तर तू कळव." त्याने कळवलं नाही. पितळी पाटी मेव्हण्याने नेली होती. ती अजून तिकडे दिवाणखान्यात आहे.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात तो माझ्या टेबलाशी आला. देशातल्या बेडकांच्या नव्या सूचीची मुद्रितं माझ्यापुढे होती. शास्त्रात एकदा दिलेलं नाव रद्द झालं तरी पुसत नाहीत. खऱ्या नावाच्या खाली ते बारीक टायपात कायमचं छापत राहतात, म्हणजे तीच चूक पुन्हा कुणी करू नये. मी त्याला ओळ दाखवली. त्याने चष्मा लावला, बोट ठेवलं, वाचलं. 'निकानोरी'. पुढे कंसात: अमान्य.

"हे जरा मोठ्या टायपात घेता येणार नाही?" त्याने विचारलं.

"नाही, माएस्त्रो. अमान्य नावं बारीकच घेतात."

"बरोबर आहे," तो म्हणाला. बोट त्याने लगेच उचललं नाही. "छापून आलं की एक प्रत मला ठेवाल?"

मी दोन ठेवल्या.